गार जॅकेट वीज किती खातं? शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्यांना उत्तर

प्रश्न कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, मालकांचा आहे. ५०० किलोची, विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी, शिफ्टला १८ माणसं. मार्च सरला की पोअरिंगवरची, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतणारी, माणसं दुपारनंतर ढेपाळतात, दोघं-तिघं सरळ दांडी मारतात. तीन विक्रेते त्यांच्याकडे येऊन गेले. एकाने पंख्याचं जॅकेट दाखवलं, दुसऱ्याने कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारं, तिसऱ्याने गळ्यात घालायचा बॅटरीचा गार पट्टा. मालकांनी विचारलंय की यातलं कोण किती वीज खातं, आणि शेडला मोठे कूलर बसवण्यापेक्षा हे परवडेल का.

मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे. गेली २२ वर्षं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पट्ट्यातल्या फाउंड्र्यांमध्ये मीटर लावत फिरते. उत्तर आधी सांगते, हिशेब नंतर. पंख्याचं जॅकेट एका शिफ्टला रुपयाचीही वीज खात नाही. कॉम्प्रेसरचं जॅकेट रोज तीन तास जरी वापरलं तरी माणसामागे ९० रुपयांची वीज खातं, आणि ती तुमच्या बिलात जॅकेटच्या नावाने कधीच दिसत नाही. गळ्याचा पट्टा फार वीज खात नाही, पण भट्टीसमोर तो कुणाच्या गळ्यात घालू नका. आणि या तिन्हींच्या आधी तुमच्या भट्टीला झाकण पाहिजे. झाकणाचं का सांगतेय ते पुढे येईलच.

सुरुवात माणसापासून करू, कारण विक्रेते नेमकं तेच सोडून बोलतात. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. लॅडल (वितळलेल्या लोखंडाचं पातेलं) ढकलणारा, वाळू ओढणारा माणूस ३०० ते ४०० वॅट टाकतो. एवढी उष्णता सतत बाहेर जायला हवी, नाहीतर अंगाचं तापमान चढतं. हवा गार असेल तर कातडीवरून ती आपोआप जाते. पण कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं, आणि एप्रिलच्या दुपारी शेडमधली हवाच त्याच्या वर असते. मग एकच वाट उरते, घामाची. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो जवळजवळ ६७० वॅट-तास उष्णता घेऊन जातो. म्हणजे तासाला अर्धा लिटर घाम नीट वाळला तर सव्वातीनशे वॅटची सोय झाली. एवढी उष्णता ओढणारं यंत्र माणसाच्या अंगावर बांधायचं म्हटलं तर पाठीवर चार-पाच किलोचं ओझं होईल.

गोम ‘वाळला तर’ या शब्दांत आहे. तुमच्या मोल्डिंगवाल्याला, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याला, जवळून बघा. खाली वाकलाय, घाम दंडावरून कोपराच्या टोकाला येतो आणि तिथून टपकन वाळूत पडतो. वाळूत पडलेल्या त्या थेंबाने त्याच्या अंगातली काहीच उष्णता नेली नाही. पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा शून्य. संध्याकाळी शर्टच्या पाठीवर मिठाची पांढरी नक्षी उमटते, ती वाळलेल्या घामाची. वाळूत पडला त्याची नोंद कुठेच नसते.

पंख्याचं जॅकेट काम करतं ते इथे. जपानमध्ये २००४ च्या सुमारास ‘कुचोफुकु’ नावाने ते बाजारात आलं. कमरेच्या मागे दोन छोटे पंखे असतात. ते बाहेरची हवा आत घेतात, जॅकेट फुगतं, हवा पाठीवरून-छातीवरून फिरून गळ्यातून आणि बाह्यांतून बाहेर पडते. यात थंड असं काहीच नाही. जॅकेट फक्त टपकणारा घाम जागेवर वाळवतं. दोन्ही पंख्यांना मधल्या वेगावर मिळून ७ वॅटच्या आसपास लागतात. तासाला फक्त १०० मिली जादा घाम वाळला तरी ६७ वॅटचा गारवा मिळाला. ७ वॅटात ६७. चांगला स्प्लिट एसी एका वॅटात साडेतीन वॅटचा गारवा देतो, त्यावरून पडताळा घ्या.

आता वीज. ७ वॅट, ८ तास, म्हणजे ५६ वॅट-तास. चार्जर आणि बॅटरी यांच्यात थोडी वाया जाते, ती धरून भिंतीतल्या प्लगमधून ७५ वॅट-तास ओढले जातील. एका युनिटमध्ये अशा १३ शिफ्टा निघतात. युनिटला १० रुपये धरले तर शिफ्टला ७५ पैसे. १८ माणसांना दिली तरी साडेतेरा रुपये. खरा खर्च विजेचा नाही, बॅटरीचा आहे. लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज झाली की तिची साठवण घटते. दोन हजारांची बॅटरी ४०० वेळा चालली तर दिवसाला ५ रुपये झाले, विजेच्या जवळजवळ सातपट. म्हणून जॅकेट घेताना पंख्यांच्या वेगाची जाहिरात वाचण्यापेक्षा बॅटरी सुटी मिळते का, कोल्हापुरात कोण देतो आणि वॉरंटी किती, हे आधी विचारा. बॅटरीवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं, त्याला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. ७४ वॅट-तास येतात. आतली घट जाऊन हातात ६० च्या आसपास पडतात, शिफ्ट जेमतेम निघते. १०,००० वाली दुपारच्या जेवणानंतर बंद पडेल.

एवढं चांगलं असूनही ते सगळ्यांना देऊ नका.

पोअरिंगवाल्याला अजिबात नको. बाजारातली बहुतेक जॅकेटं पॉलिस्टरची असतात. ठिणगी पडली की पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, आणि मग डॉक्टरला ते कातडीसकट सोडवावं लागतं. लोखंडाचे शिंतोडे उडतात त्या जागी जाड सुती, आगरोधक किंवा चामड्याचंच कापड हवं. शिवाय लिथियम बॅटरी ६० अंशांच्या पुढे जाऊ द्यायची नसते, आणि भट्टीसमोर पाठ करून उभ्या माणसाच्या कमरेशी तेवढं सहज होतं.

फेटलिंग (ओतीव मालाच्या कडा घासणं) आणि नॉकआउट (साचा फोडून माल काढणं) इथे त्याहून मोठा धोका आहे, कारण तो लगेच दिसत नाही. तिथल्या हवेत वाळूची बारीक धूळ असते, म्हणजे सिलिका, जिच्यामुळे सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. जॅकेटचा पंखा तीच हवा ओढतो आणि गळ्यातून वर सोडतो, थेट नाकाखाली. एका कारखान्यात फेटलिंगवरच्या मामांनी दुसऱ्याच दिवशी जॅकेट काढून खुंटीला लावलं. सुपरवायझर म्हणाला, त्यांना नवीन काही नको असतं. मी ते जॅकेट उलटं करून बघितलं. आत कॉलरच्या कडेने बोटभर रुंदीचा काळा पट्टा होता, बोट फिरवलं तर बोट काळं. मामांचं बरोबर होतं. शिवाय ग्राइंडरच्या फिरत्या चाकाजवळ फुगलेलं, सैल कापड नकोच.

मग द्यायचं कुणाला? मोल्डिंगला, कोअर शॉपला (साच्याच्या आतला वाळूचा गाभा करतात तिथे), पॅटर्न आणि डिस्पॅचला, अंगणात माल चढवणाऱ्यांना. आणि पंख्याला हवा कुठली मिळते तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की हवा ४० अंशांच्या वर गेली की विजेचा पंखा वापरू नये, कारण मग तो अंग गार करण्याऐवजी तापवतो. जॅकेटमधला पंखाही पंखाच. माणसाची पाठ शेडच्या उघड्या बाजूकडे असेल तर आत ३७ अंशांची हवा जाते, भट्टीकडे असेल तर ४३ ची. जागा तीच, जॅकेट तेच, फक्त तोंड फिरवलं की फरक पडतो.

आता कॉम्प्रेसरच्या जॅकेटकडे येते. याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण फाउंड्रीवाल्याला तेच सगळ्यात सोयीचं वाटतं. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, हवेची लाइन तर शेडभर आहेच. कमरेला एक हातभरही नसलेली धातूची नळी असते, व्होर्टेक्स ट्यूब. जॉर्ज रँक या फ्रेंच माणसाने १९३० च्या दशकात ती शोधली. दाबाची हवा आत भोवऱ्यासारखी फिरते, एका टोकाने तापलेली आणि दुसऱ्या टोकाने गारेगार हवा बाहेर येते. हलणारा एकही भाग नाही. घातल्याबरोबर माणूस खूश होतो, आणि त्यात काही खोटं नाही. अशी नळी १५ सीएफएम, म्हणजे मिनिटाला १५ घनफूट, हवेवर २९० वॅटच्या आसपास गारवा देते, पंख्याच्या जॅकेटच्या कितीतरी पट.

पण १५ सीएफएम हवा ७ बार दाबाला तयार करायला कॉम्प्रेसर ३ किलोवॅटच्या आसपास वीज खातो. ३,००० वॅट घालून २९० वॅटचा गारवा. एका माणसाच्या जॅकेटला दोन दीड टनी एसींएवढी वीज.

काही वर्षांपूर्वी गोकुळ शिरगावकडच्या एका फाउंड्रीत मी कॉम्प्रेसरच्या तपासणीला गेले होते. तक्रार जॅकेटची नव्हतीच. तक्रार होती की दुपारच्या शिफ्टला साचे मऊ पडतायत आणि कास्टिंग फुगून रिजेक्ट होतायत. दोन दिवस त्यांनी वाळूची ओल तपासली, वाळू बांधणारी माती, बेंटोनाइट, बदलून बघितली. मी मोल्डिंग मशीनजवळच्या दाबाच्या काट्यासमोर उभी राहिले. सकाळी काटा साडेसहा बारवर होता. दुपारी दोनला शिफ्ट बदलली, सहा माणसांनी खुंटीवरची जॅकेटं अंगात चढवली, नळ्या जोडल्या, सुस्स असा आवाज आला, आणि दहा मिनिटांत काटा पाचाच्या खाली. सहा जॅकेटांना ९० सीएफएम, त्यांचा ३० किलोवॅटचा कॉम्प्रेसर सगळा मिळून दीडशेच्या घरात हवा देणारा. मशीनला साचा दाबायला जोरच उरत नव्हता. माणसं गार होती आणि साचे मऊ. मालकांनी ती जॅकेटं मोठ्या कळकळीने घेतली होती, उन्हाळ्यात एक माणूस भोवळ येऊन पडला होता म्हणून. त्यांना हे समजावून सांगताना मलाही वाईट वाटलं.

ही जॅकेटं पूर्ण टाकाऊ आहेत असं मात्र नाही. भट्टीचं अस्तर खरवडायला किंवा पॅचिंग करायला एक माणूस गरम जागेत अर्धा-पाऊण तास जाणार असेल, तर त्याच्यासाठी एक व्होर्टेक्स जॅकेट जरूर ठेवा. पाऊण तासाचे सव्वादोन युनिट, साडेबावीस रुपये, त्याच्या जिवापुढे काहीच नाही. फक्त लाइनला तेल-पाण्याचा फिल्टर लावा, कॉम्प्रेसरची तेलकट हवा कुणाच्या अंगावर आणि नाकात जाऊ देऊ नका. रोजच्या १८ माणसांसाठी ते नाही.

गळ्याचा पट्टा चालतो पेल्टियर तत्त्वावर. दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे १८३४ मध्ये पेल्टियर यांनी दाखवलं. सोनीनेही २०२० मध्ये असं गळ्यामागचं यंत्र जपानात आणलं. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला ते छान आहे. पट्टा ५ ते १० वॅट घेतो आणि उन्हाळ्यातल्या तापमानात साधारण तेवढाच किंवा त्याहून कमी गारवा देतो. ४०० वॅट उष्णता टाकणाऱ्या माणसाला ५ वॅट म्हणजे काहीच नाही. पण मानेला गार वाटतं. मला भीती त्याचीच वाटते. उष्णता अंगात साचत असते आणि मान सांगत असते की ठीक चाललंय. थांबावं, सावलीला बसावं, पाणी प्यावं ही शरीराची हाक त्यात दबते. भट्टीवरच्या माणसाची ती हाकच त्याला वाचवते.

तुमच्याकडे कुणी बर्फाची जॅकेटं अजून आणली नाहीत, पण आणतील. दोन किलो बर्फ वितळून अंगाजवळच्या तापमानाला येईपर्यंत अडीचशे वॅट-तासांच्या आसपास उष्णता घेतो. दोन तास वापरलं तर सव्वाशे वॅट, त्यातला काही भाग बाहेरची हवाच खाणार. डीप फ्रीझरमध्ये तेवढा बर्फ करायला २०० वॅट-तासांच्या आसपास वीज जाते, म्हणजे दोन रुपये. विजेच्या मानाने हा सौदा चांगला आहे. पण शून्य अंशाचा बर्फ कातडीला फार झोंबतो, कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आतली उष्णता बाहेर यायची वाट अडते. म्हणून २८ अंशांच्या आसपास गोठणाऱ्या मेणाच्या किंवा क्षारांच्या पिशव्या निघाल्यात. त्या तेवढ्याच वजनात बर्फाच्या निम्म्याहून कमी उष्णता घेतात, पण अंगाला सोसतात आणि बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबातही पुन्हा गोठतात. तुमच्या क्रेन ऑपरेटरला आणि पोअरिंगवाल्याला विश्रांतीच्या वेळेत हे द्या. आगरोधक कोटाच्या आत घातलं तर शिंतोड्यांचाही प्रश्न येत नाही. वळीव पडून गेल्यावर शेडमध्ये जी उकड होते, घाम वाळायचं नाव घेत नाही, तेव्हा पंख्याचं जॅकेट मंदावतं आणि या पिशव्या मात्र काम करत राहतात.

ओल्या कापडाचं एक सांगून ठेवते, कारण आपल्याकडे ती सवय जुनी आहे. गुऱ्हाळात चुलवाणासमोर चिपाड सारणारा माणूस डोक्याला ओला पंचा गुंडाळतो, आणि कोरड्या हवेत त्यासारखा बिनविजेचा उपाय नाही. मोल्डिंगला, अंगणात, तोच पंचा चालेल. पण वितळलेल्या लोखंडाजवळ ओलं कापड नको. तापून त्याची वाफ अंगाला पोळते, आणि पाणी धातूखाली सापडलं तर त्याची क्षणात वाफ होऊन लोखंड उसळतं.

आता झाकण. लोखंड १,४०० अंशांवर असतं. भट्टीचं तोंड अर्धा मीटर व्यासाचं धरलं तर त्या उघड्या तोंडातून ढोबळ हिशेबाने ४० किलोवॅटच्या आसपास उष्णता झळ होऊन बाहेर पडते. ही झळ हवा तापवत नाही, सरळ माणसाच्या छातीवर आणि तोंडावर येते, त्यामुळे पंखा, कूलर, जॅकेट यांतलं काहीच तिला अडवत नाही. तिला अडवतो तो पत्रा. एका हीटमध्ये, म्हणजे वितळवण्याच्या एका फेरीत, भट्टी १५ मिनिटं जरी विनाकारण उघडी राहिली तरी १० युनिट गेले. दिवसाला ८ हीट म्हणजे ८० युनिट, ८०० रुपये. सिरॅमिक फायबरचं, बाजूला फिरणारं झाकण बसवा आणि चार्ज (वितळवायचा माल) टाकणं, स्लॅग (वर तरंगणारी मळी) काढणं, तापमान घेणं एवढ्यापुरतंच उघडा. उभं राहायच्या जागेसमोर चकचकीत अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा करा, मागे बोटभर फट ठेवून दुसरा पत्रा लावा. पोअरिंगवाल्याला अॅल्युमिनियमचा थर दिलेला एप्रन द्या. या कशालाच वीज लागत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १३ मध्येही हेच होतं: गरम प्रक्रिया वेगळी करा किंवा गरम भाग झाका.

कूलरचं विचारलंत. तुमच्या शेडला पाच डक्ट कूलर प्रत्येकी २ किलोवॅटचे धरले तर १० किलोवॅट, शिफ्टला ८० युनिट, पुन्हा ८०० रुपये. झाकणाने वाचतील जवळजवळ तेवढेच. म्हणून ‘जॅकेट की कूलर’ असा प्रश्न मी विचारणार नाही. झाकण आधी करा, त्यातून वाचलेल्या पैशात मोल्डिंगच्या बाजूला दोनच कूलर बसवा, आणि जिथे कूलर पोचत नाही तिथल्या माणसांना जॅकेटं. कूलरचा झोत भट्टीकडे आणि तयार साच्यांकडे जाणार नाही एवढं बघा.

एकदम १८ घेऊ नका. आधी चार घ्या आणि चार्जिंगचा बोर्ड ऑफिसच्या बाजूला, सावलीत, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर करा. ४५ अंशांच्या पुढे लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, आणि माणसं प्लग शोधत कूलंटच्या पंपाशेजारी बॅटऱ्या लावून ठेवतात, मी पाहिलंय. मग तुमचा कास्टिंगचा वजनकाटा वापरा. चौघांना शिफ्टच्या आधी आणि नंतर काट्यावर उभं करा, मधे प्यायलेलं पाणी-ताक मोजा. वजनातली घट अधिक प्यायलेलं, म्हणजे अंगातून गेलेला घाम. चार दिवस जॅकेटशिवाय, चार दिवस जॅकेट घालून, काम तेच आणि ऊनही साधारण तसंच. जॅकेट घातल्यावर घाम कमी गेला तर ते काम करतंय. तसाच राहिला तर ते जॅकेट त्या जागेचं नाही, दुसऱ्या माणसाला देऊन बघा. आणि कुणाचं वजन शिफ्टमध्ये दीड किलोहून जास्त घटलं, तर त्याला जॅकेट द्यायच्या आधी दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी हातात नेऊन देणारा माणूस नेमा.